तेल वाढलं म्हणून खूश झालो

माझ्या दुकानात बोटीचं इंजिन पहिल्यांदा आलं ते संत्र्याच्या गाडीतून, रिकाम्या क्रेटांवर आडवं टाकलेलं. सोबत एक म्हातारे नावाडी होते. त्यांनी वरचं पोतं बाजूला केलं आणि म्हणाले, "मिस्त्री, हे पाहा बरं. धूर लय सोडते अन् पाण्याच्या मधातच बसते."

मोझरीला लोक येतात ते गुरुकुंजात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला. महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभा केला, त्यामुळे गावाचं नाव दूरवर आहे. माझं दुकान नागपूर-अमरावती महामार्गाच्या कडेला. कामं ठरलेली: फवारणीचे पंप, विहिरीवरची डिझेल इंजिनं, ट्रॅक्टर, मोटरसायकली. वर्धा नदी आमच्या तिवसा तालुक्यातूनच कौंडण्यपूरला जाते, पण नदीवरचे डोंगे मी पाहिले ते वल्ह्यांवर चालणारे. इंजिनाची बोट पाहायची तर मोर्शीकडे, सिंभोऱ्याला, अप्पर वर्धा धरणावर जायचं. त्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात, आणि अमरावती शहर त्याचंच पाणी पितं. नावाडीकाका तिथे एका मासेमारी संस्थेची बोट चालवायचे. या इंजिनाला ते 'ओबीएम' म्हणत. बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवायचं इंजिन, एवढंच मला त्याबद्दल ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "होऊन जाईन, काकाजी. ठेवून जा."

ते १५ हॉर्सपॉवरचं जुनं दोन स्ट्रोकचं मशीन होतं. म्हणजे लुनासारखं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. हे काम मी मिसरूड फुटायच्या आधीपासून करतोय. बोटीला 'एफसी' का असंच काही ऑइल लागतं, असं कुठेतरी कानावर आलं होतं. दुकानातली टू-टीची बाटली उलटी करून पाहिली, तर मागे बारीक अक्षरांत 'जासो एफसी' छापलेलं. झालं! बोटीचं ऑइल माझ्याच फळीवर निघालं म्हणून मी स्वतःवर खूश झालो. वर काकांना शहाणपणा शिकवला, की तुमच्या २४ लिटरच्या टाकीत ५० ला १ या हिशेबानं ४८० मिली ऑइल जातं, तुम्ही ८०० टाका. तेल जास्त गेलं तर इंजिनाचं काही बिघडत नाही.

काका वीस-बावीस दिवसांनी परत आले. दोन्ही प्लग काळे, ओले, आणि एकाच्या दोन टोकांमध्ये राखेचा पूल तयार झालेला. राखेच्या त्या पुलावरून वीज सरळ निघून जाते, ठिणगी पडतच नाही.

जासोची एफबी, एफसी, एफडी ही अक्षरं जपानी मानकांची, मुख्यतः हवेनं थंड होणाऱ्या स्कूटर-मोटरसायकलींसाठीची. अशी इंजिनं फार तापतात, म्हणून त्यांच्या ऑइलमध्ये मळ साफ करणारे धातूंचे क्षार असतात, आणि ते जळले की थोडी राख उरते. बोटीचं इंजिन नदीचंच पाणी ओढून थंड राहतं. त्याला राख न करणारं ऑइल लागतं, ज्याच्या डब्यावर 'टीसी-डब्ल्यू ३' लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे वॉटर, पाणी. माझ्या कानावर आलेलं नाव बहुधा 'एफसी-डब्ल्यू' असावं. ते तर चार स्ट्रोकच्या बोट-इंजिनांचं निघालं! शेवटचं एक अक्षर ऐकू आलं नाही आणि मी अर्ध्या नावावर डबा निवडला. जास्त ऑइल टाकण्याच्या सल्ल्यात तर दुहेरी घाटा होता. मिश्रणात ऑइल वाढलं की तितकं पेट्रोल कमी होतं, आणि ज्याला मी जपतोय असं मला वाटत होतं ते इंजिन उलट जास्त तापतं.

टीसी-डब्ल्यू ३ चा डबा अमरावतीच्या दुकानांत मला मिळाला नाही. माझा एक भाचा रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळ कामाला आहे. त्यानं तो ट्रान्सपोर्टनं पाठवला. तेव्हा त्याला फोनवर पाच मिनिटं जास्तीचे प्रश्न विचारले असते, तर पुढचं बरंच टळलं असतं. पण भाच्याला काय विचारायचं, हा मामेपणा आडवा आला.

पुढे संस्थेनं चार स्ट्रोकचं २५ हॉर्सपॉवरचं मशीन आणलं. आता मी निवांत झालो. याला खाली ऑइलचं चेंबर, डिपस्टिक, स्क्रूसारखा फिरवून बसवायचा फिल्टर, सगळं चारचाकीसारखं. मी ट्रॅक्टरचंच १५डब्ल्यू-४० भरलं. आमच्याकडे मिस्त्री लोकांत एक समज पक्का आहे, की डिझेलला चालणारं ऑइल पेट्रोलला अमृत. खरं सांगायचं तर त्या ऑइलनं इंजिन काही मेलं नाही. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्याचा दाटपणाही फार वावगा नव्हता. पण एफसी-डब्ल्यूच्या ऑइलला गंजाची, फेसाची, फिल्टर तुंबण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. हे इंजिन पाण्याच्या वाफेत राहतं, आठ-आठ दिवस बंद पडून असतं आणि सुरू झालं की पाच-पाच हजार फेऱ्यांनी पळतं. ट्रॅक्टर दिवसभर दोन हजाराच्या आसपास घरघरतो. म्हणजे दोघांच्या अंगावरचा भार वेगळा, आणि मी डब्यावरचा आकडा पाहून दोघांना एकाच पंगतीला बसवलं.

फिल्टरचं प्रकरण मात्र जिवावरचं झालं. कंपनीचा फिल्टर मागवायला आठ दिवस लागणार होते. मी फळीवरचा एका छोट्या कारचा फिल्टर लावून पाहिला. आटे जुळले, हातानं सुरळीत फिरला. म्हटलं, बसला म्हणजे आपलाच.

ते दिवस पुण्यतिथी महोत्सवाचे होते. आश्विन वद्य पंचमीच्या आसपास मोझरी माणसांनी फुलून जाते, गावोगावच्या दिंड्या-पालख्या येतात, आणि कोणाचा टेम्पो बंद पडलेला असतो तर कोणाची मोटरसायकल. महाराज गेले १९६८ च्या ११ ऑक्टोबरला. महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. माणूस असेल तिथे उभा राहतो. मी जुना फिल्टर उतरवला आणि नव्याच्या रबराला ऑइलचं बोट लावत होतो, तेवढ्यात ती वेळ झाली. फिल्टर हातात धरून उभा राहिलो. मौन संपलं, गलका परत सुरू झाला, बाहेरून दोघांनी हाका मारल्या, आणि मी हातातला फिल्टर फिरवून घट्ट केला. बसण्याची जागा पुसून, बोट फिरवून पाहायची राहिली. जुन्या फिल्टरचं रबरी वायसर तिथेच चिकटलेलं होतं. त्यावर नव्याचं दुसरं बसलं.

दोन वायसरं एकावर एक असली की मंद चालीत काही कळत नाही. दुकानात ड्रममध्ये बुडवून चालवलं, थेंब नाही. तिसऱ्या दिवशी सांजच्याला, धरणाच्या भर पाण्यात काकांनी थ्रॉटल पूर्ण दिलं, ऑइलचं प्रेशर वाढलं, वरचं वायसर सरकलं आणि सगळं ऑइल कव्हरच्या आत सांडलं. बझर वाजला. इंजिन आपोआप मंद झालं, मग काकांनी ते बंद केलं. बोटीत ते आणि दोन पोट्टे. वारा सुटलेला. वल्ही मारत काठाला लागायला त्यांना अंधार पडला.

ही वर्धा नदी आहे. १९९१ च्या ३० जुलैला तिनं मोवाड गाव धुऊन नेलं, दोनशेवर माणसं गेली. २०२१ च्या सप्टेंबरात वरूड तालुक्यात याच नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. हे सगळं मला पाठ होतं. आणि तरीही दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मी फिल्टर काढला, दोन वायसरं पाहिली, एक मुठीत दाबलं आणि म्हणालो, "फिल्टरच डुप्लिकेट निघाला, काकाजी. आजकाल मालच असा येते."

त्यांनी नव्या फिल्टरचे आणि ऑइलचे पैसे दिले. मी घेतले.

कारचा तो फिल्टर तसाही चुकीचाच होता, पण वेगळ्या कारणानं. आटे जुळणं ही सगळ्यात सोपी परीक्षा. फिल्टरच्या पोटात दोन झडपा असतात. एक, इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल मागे गळू न देणारी. बोट काठाला लागली की हे इंजिन उचलून तिरपं ठेवतात, कारमध्ये ती वेळच येत नाही. ही झडप नसली किंवा कमजोर असली तर दर सकाळी इंजिन पहिले काही क्षण कोरडं फिरतं. दुसरी झडप फिल्टर तुंबला किंवा ऑइल फार घट्ट असलं की उघडते आणि न गाळलेलंच पुढे जाऊ देते, म्हणजे निदान इंजिन उपाशी राहत नाही. ती किती दाबाला उघडावी ते इंजिनावर ठरतं. हे बाहेरच्या पत्र्यावरून कळत नाही. मी दोन्ही फिल्टर करवतीनं कापून पाहिले तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं फिल्टर बदलत होतो, पोट फाडून पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

त्यानंतर मी भाच्याला फोन केला. त्याच्या ओळखीच्या बंदरावरच्या मिस्त्रीनं एफसी-डब्ल्यूचं १०डब्ल्यू-३० आणि कंपनीचाच फिल्टर सांगितला. पहिलं ऑइल २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला म्हणाला. तसंच केलं. आता तरी चूक होणार नाही असं वाटलं. झाली, आणि ती माझ्या मते सगळ्यात मोठी.

हिवाळा होता. पौषात काका पहाटे जाळी काढायला जात. जाळ्याच्या कडेनं तास-दोन तास इंजिन नुसतं मंद, चालल्यासारखं न चालल्यासारखं. महिन्यानं ते आले. मी इंजिन सरळ उभं केलं, कारण तिरपं असताना डिपस्टिक खोटं बोलते हे तोवर शिकलो होतो, आणि काडी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर.

"पाहा काकाजी! थेंबभर नाई खाल्लं. वाढलंच म्हणा ना."

काका हसले. मीही हसलो. ट्रॅक्टरचं ऑइल वर आलं तर त्यात पाणी शिरलं असं आम्ही समजतो, आणि पाणी शिरलं की ते चहासारखं पांढुरकं होतं. हे पांढरं नव्हतं. पातळ वाटलं, पण १०डब्ल्यू-३० पातळच असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नाकाजवळ नेलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं. ते पेट्रोल होतं. कारचा थर्मोस्टॅट ८० अंशांच्या वर उघडतो, बोटीच्या इंजिनाचा साधारण ५० ते ६० ला. त्यात पौषातलं धरणाचं गार पाणी आणि मंद चाल. सिलिंडरच्या भिंती पुरत्या तापतच नाहीत, न जळलेलं पेट्रोल रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन मधूनमधून जोरात चाललं तर ते तापून उडून जातं. काकांच्या कामात जोरात चालवायची वेळच येत नव्हती. वर त्यांच्या थर्मोस्टॅटमध्ये गाळ बसून तो उघडाच अडकलेला होता. जगातल्या चांगल्यात चांगल्या डब्यातलं ऑइल भरा, त्यात पेट्रोल मिसळलं की ते रॉकेलसारखं होतं. मी डबा बरोबर निवडला आणि त्यात काय पडतंय ते पाहिलं नाही. फेब्रुवारीत इंजिनातून खडखड ऐकू यायला लागली. बेअरिंगचे शेल बदलावे लागले.

बाकीच्या चुका किरकोळ. पेट्रोलच्या नळीत मी मोटरसायकलचा पारदर्शक छोटा फिल्टर बसवला होता, आणि तो कचरा अडवतो, पाणी नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी दोन महिने पडून राहिली तर ते हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी-इथेनॉल तळाला जाऊन बसतं. पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर लागतो. गिअरचं ऑइल मी ट्रॅक्टरसारखं वरच्या भोकातून ओतलं होतं. ते खालच्या भोकातून दाबत वर आणायचं असतं, नाहीतर मध्ये हवा अडकते. पंख्यामागे जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळून सील कापलं होतं, ते मात्र माझ्या माथी मारू नका.

बेअरिंगचं काम झालं त्या दिवशी मी काकांना बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं. दोन वायसरांचं आधी. फिल्टर डुप्लिकेट नव्हता, काकाजी, मीच डुप्लिकेट होतो. त्या फिल्टरचे आणि ऑइलचे पैसे मी टेबलावर ठेवले, बेअरिंगची मजुरी लावली नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. महामार्गावरून ट्रक जात होते. मग त्यांनी पैसे मोजले, एकदा बोट ओलं करून परत मोजले, आणि बंडीच्या खिशात घातले.

"त्या दिवशी सोबत होते ना, त्या पोट्ट्यायचा बाप लय बोलला मले," ते म्हणाले. "मी म्हटलं, मिस्त्रीची चूक नाई, मालच खराब."

या हिवाळ्यात ते पुन्हा आले. इंजिन गाडीतून उतरवून मी स्टँडला लावलं आणि फडकं शोधायला आत गेलो. बाहेर आलो तर काकांनी डिपस्टिक काढलेली. धोतराच्या सोग्याला पुसली, परत घातली, काढली, डोळे मिटून नाकाजवळ नेली. मग माझ्यापुढे धरली.

"घ्या," म्हणाले. "तुमी बी हुंगा."