घड्याळ वापरणाऱ्याचं

आपल्याकडच्या जुन्या पीएचपी कोडमध्ये 19800 हा आकडा हमखास भेटतो. साडेपाच तासांचे सेकंद. टाइमस्टॅम्पमध्ये मिळवले की झाली भारतीय वेळ! भारतात घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे होत नाहीत, त्यामुळे हा हिशेब वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. न्यू जर्सीतला पहिला वापरकर्ता येईपर्यंत त्यातली चूक दिसतच नाही.

टाइमस्टॅम्प म्हणजे 1 जानेवारी 1970 च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद. तो साऱ्या जगाला एकच. त्यात सेकंद मिळवले की क्षणच बदलतो. बदलायचं ते फक्त दाखवणं. त्यासाठी मी पीएचपीचा डेटटाइमइम्यूटेबल क्लास वापरतो. टाइमस्टॅम्पला @ लावून त्याचा ऑब्जेक्ट बनवला, की सोबत दिलेला टाइमझोन पीएचपी जमेस धरत नाही. सेटटाइमझोन वेगळं बोलवावं लागतं, आणि ते जे परत देतं ते व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावं लागतं.

2 नोव्हेंबर 2025 घ्या. भारतात सकाळचे अकरा वाजले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा दीड वाजला होता. आपल्याकडे बारा वाजले, तेव्हाही तिथे दीडच! मधल्या काळात तिथली घड्याळं तासभर मागे गेली होती. तासाच्या अंतराने आलेल्या दोन ऑर्डरी, स्क्रीनवर वेळ एकच. अशा वापरकर्त्यांना मी वेळेपुढे ईडीटी (उन्हाळी वेळ) की ईएसटी (प्रमाण वेळ) हे दाखवतोच.

प्रोफाइलमध्ये यूटीसीपासून 'उणे पाच' असा फरक साठवू नये, 'अमेरिका/न्यूयॉर्क' हे नाव साठवावं. नावामागे सगळे नियम असतात, इतिहाससुद्धा. 'एशिया/कोलकाता'ला 1943 मधली तारीख दिली तर पीएचपी फरक साडेसहा तास सांगतं. युद्धकाळात आपली घड्याळं तासभर पुढे होती. हे सारं टिपून ठेवणाऱ्या आयएएनए टाइमझोन डेटाबेसच्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे.

पुढच्या तारखांचं मात्र निराळं. मेक्सिकोने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या बहुतेक भागातली उन्हाळी वेळ रद्द केली. मेक्सिको सिटीतली 2023 च्या मे महिन्यातली सकाळी दहाची अपॉइंटमेंट आधीच यूटीसी करून ठेवली असेल, तर ती आता नऊची दिसणार. रुग्ण तासभर आधी दवाखान्यात. म्हणून भविष्यातल्या भेटीसाठी मी तिथली स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव साठवतो, यूटीसी त्यावरून काढतो. सर्व्हरवरचे नियम जुने असतील तर तेही चुकतं. पीएचपीची आवृत्ती न बदलता टाइमझोनडीबी एक्स्टेन्शन टाकून तेवढे नियम ताजे करता येतात.