गोंगाटाखाली

गेल्या पावसाळ्यात विद्यार्थिनीने प्रबंधाचा आराखडा पुढे ठेवला. त्यात ‘सेन्सिंग’चं प्रकरणच नव्हतं. मोकळी वाहिनी कोणती ते डेटाबेसला विचारायचं, रेडिओने स्वतः कान लावायचाच नाही. मॅडमनी कागद परत केले आणि दोन दिवस त्या प्रयोगशाळेकडे फिरकल्या नाहीत.

वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं: वाहिनी खरंच मोकळी आहे की तिथे कुणी हळू बोलतंय, हे यंत्राला ओळखायला लावणं.

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने 2008मध्ये टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्या इतर यंत्रांना खुल्या केल्या, तेव्हा यंत्राला उणे 114 डीबीएमचा संकेतही ऐकू आला पाहिजे अशी अट होती. सहा मेगाहर्ट्‌झच्या वाहिनीत नुसत्या उष्णतेचा गोंगाटच उणे 106च्या आसपास असतो. म्हणजे गोंगाटाच्या सहाव्या हिश्श्याची कुजबुज टिपायची! मॅडम हरखल्या होत्या. पाहुणे आले की त्या संकेत क्षीण करणारा अटेन्युएटर फिरवत नेत. पडद्यावरचा संकेत दिसेनासा झाला तरी त्यांचा डिटेक्टर ‘आहे’ म्हणे. त्या क्षणीचं कौतुक त्यांना हवं असायचं. निबंधांतल्या आलेखांसाठीही त्यांनी केबलने जोडलेली मांडणीच निवडली, कारण केबलमध्ये गोंगाट जागचा हलत नाही.

गावात हलतो. एलईडी दिवा, स्वस्त चार्जर, पंपाचा स्टार्टर. बर्कलीच्या अनंत सहाय आणि त्यांच्या विद्यार्थ्याने 2008मध्येच मांडलं होतं: गोंगाटाचा अंदाज एका डेसिबलने इकडेतिकडे झाला, तर संकेत गोंगाटाच्या 3.3 डेसिबल खाली गेल्यावर नुसती ऊर्जा मोजणारं यंत्र जन्मभर ऐकत बसलं तरी उपयोग नाही. मॅडमनी तो निबंध त्याच वर्षी वाचला, वर्गात शिकवला. स्वतःच्या यंत्राला मात्र लावून पाहिला नाही.

2010मध्ये एफसीसीने डेटाबेस वापरणाऱ्यांना सेन्सिंगची सक्ती माफ केली. मॅडम त्याला आजही माघार म्हणतात. विद्यार्थिनी आयआयटी मुंबईच्या अभ्यासाकडे बोट दाखवते: 470 ते 590 मेगाहर्ट्‌झमधल्या 15 वाहिन्यांपैकी किमान 12 देशात जवळजवळ सगळीकडे रिकाम्या, पालघरच्या खेड्यांत त्यांतून ब्रॉडबँड नेऊनही दाखवलं. एवढी जागा असताना कान कशाला? याला मॅडमकडे उत्तर नाही. पण अमेरिकेच्या 3.5 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात नौदलाचे रडार आहेत, आणि जहाज आत्ता कुठे आहे हे कुठलंही नौदल नोंदवहीत लिहून देत नाही. तिथे किनाऱ्यावर ऐकणारी यंत्रं बसवावीच लागली, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून आसपासच्या प्रक्षेपकांचा आवाज दाबावा लागला. हे सांगताना मॅडमचा स्वर चढतो.

श्रावणात त्या डिटेक्टर घेऊन विद्यार्थिनीच्या गावी गेल्या. पडवीत अँटेना लावली. संध्याकाळभर यंत्र ‘मोकळी’ म्हणत होतं, आणि सव्वासातला वीज गेली. गोंगाटाची रेषा खाली आली, तिच्याखालून दूरच्या प्रक्षेपकाचा संकेत वर निघाला. अंधारात दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. पावणेआठला दिवे आले, संकेत पुन्हा बुडाला. मॅडमनी दोन्ही वेळा वहीत लिहिल्या आणि आराखड्याचे कागद मागून घेतले.