ओ अडीच

गेल्या थंडीत डिंकाच्या लाडवांचं प्रमाण विचारलं, तेव्हा आई म्हणाली, ‘पत्र्याच्या डब्यात बघ, कालनिर्णयची पानं आहेत.’ महिना संपला की पान फाडायचं आणि मागची पाककृती बरी असेल तर घडी घालून डब्यात ठेवायचं, ही आमच्या घरची जुनी पद्धत. लाडू डिसेंबर १९८६च्या पानामागे सापडले. डिंक किती, खारीक किती, ते वाचलं आणि सहज पान उलटलं. मग लाडू तसेच राहिले.

पुढच्या बाजूला तारखांच्या चौकोनांत आईचं बारीक, बँकेतलं अक्षर होतं. ‘दू १’ म्हणजे एक लिटर दूध. ‘गॅस’ म्हणजे त्या दिवशी नवं सिलिंडर लावलं. कोपऱ्यात ‘फ’, ‘से’ किंवा ‘ना’, ही बाबांची फर्स्ट, सेकंड आणि नाइट. आणि १५ तारखेनंतर जवळजवळ रोज ‘ओ २’, ‘ओ २॥’, ‘ओ ३’. ओ म्हणजे ओव्हरटाइम. २॥ म्हणजे अडीच तास. आकड्यापुढे दोन दंड काढून अर्धा लिहायची सवय तिला आजोबांकडून लागली होती.

मी धाकट्या भावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं, ‘क्लोजिंग!’

आमच्या घरात वर्षाचे ऋतू चार होते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि क्लोजिंग. आई १९७३ साली बँकेत लागली. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा भराभर वाढल्या आणि परीक्षा देऊन लागलेल्या मुलींची एक पिढीच्या पिढी काउंटरच्या आत जाऊन बसली. त्यांतली एक आमची आई. घर डोंबिवलीला, दोन खोल्यांचं. शाखा फोर्टात. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कारखान्यात, दर आठवड्याला पाळी बदलणारी.

तेव्हा बँकांचं हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपे आणि सहामाही ३० जूनला. संगणक नव्हते. बचत खात्याचं व्याज हातानं काढायचं. दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. ती शिल्लक लेजरच्या पानापानावर शोधायची, प्रॉडक्टच्या रकान्यात मांडायची, सहा महिन्यांची बेरीज करायची, व्याज लावायचं, मग सगळ्या लेजरांची बेरीज मुख्य खात्याशी जुळवायची. जुळली नाही तर डिफरन्स. हा शब्द आम्ही ‘ताप’ किंवा ‘पाहुणे’ यांच्यासारखा घरातला म्हणून शिकलो. ‘आज डिफरन्स निघाला’ म्हणजे आईला शेवटून कुठली तरी गाडी. ‘डिफरन्स सापडला’ म्हणजे येताना दादरला उतरून आणलेली पेरूची पिशवी. डिफरन्सला नवानं पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटसुलट पडलेत, ६३चे ३६ झालेत, हे तिनं आम्हाला पाढ्यांच्या वयात शिकवलं होतं. अजूनही बिलाची बेरीज चुकली की आम्ही दोघं आधी नवानं भागून बघतो.

दुपारी तीनला काउंटर बंद झालं की सगळा दिवस लिहून काढायचा आणि पाचला सुटायचं, ही आईची एरवीची वेळ. क्लोजिंगमध्ये ती पाचनंतर पुन्हा सुरू होई. थांबायचं की नाही हे म्हणायला ऐच्छिक होतं. पण टेबलं सगळ्यांची एकाच बेरजेला बांधलेली. एकीनं उठायचं म्हणजे दुसरीनं तिचं लेजर ओढायचं.

आणि तशी त्या ओढतही असत. त्या काळातली जी काही सवलत होती ती कुठल्या परिपत्रकात नव्हती, ती अशी माणसामाणसांत होती. आईच्या शेजारच्या टेबलावरच्या मावशींची मुलगी दम्याची. ती आजारी असली की आई त्यांची खाती करी. आमच्या भावाला गोवर आला तेव्हा मावशींनी आठवडाभर आईची केली. कोणाचे किती तास देणे लागतो हे कुणी लिहून ठेवत नसे, पण विसरतही नसे. ‘तिनं माझी चाळीस खाती केली होती’ हे वाक्य मी आईच्या तोंडून गेल्याच वर्षी ऐकलं.

गाडीतही तेच. चढताना बसायला जागा मिळाली की मांडीवर पिशवी, पिशवीत गवार किंवा मटार, आणि डोंबिवली येईपर्यंत भाजी निवडून तयार. जिची भाजी संपली ती शेजारणीची घेई. १९९२च्या मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, त्याच वर्षी आमच्या बाजूलाही आली. तोवर आम्ही मोठे झालो होतो, पण त्या दिवशी आई नवी साडी नेसून गेली होती.

घरातही वेळेची देवाणघेवाणच चाले. आजीचा मुक्काम वर्षातून दोनदा आमच्याकडे, जून आणि डिसेंबर. लहानपणी आम्हाला वाटे की तिला डोंबिवलीचा पाऊस आणि थंडी आवडते. पुढे कळलं की काकांच्या घरून निघायच्या तारखा ती बँकेच्या सहामाहीवरून ठरवी. आमची सख्खी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तिची स्प्लिट ड्यूटी, सकाळी चार तास आणि पुन्हा संध्याकाळी. ती गिरगावात राहायची, म्हणून मधल्या वेळात घरी येऊन मुलांना जेवायला वाढून परत बोर्डावर बसे. डोंबिवलीत असती तर ते तिला जमलंच नसतं. आत्या म्युनिसिपल इस्पितळात नर्स. रिलीव्हर आली नाही तर तिची डबल ड्यूटी व्हायची. रुग्णाला सोडून घरी जायचं कसं, हा प्रश्न तिनं कधी कुणाला विचारला नाही, कारण त्याला उत्तर नव्हतं. तिची मुलं दोन-दोन दिवस आमच्याकडे असत. सहा पोरं एका सतरंजीवर झोपलेली, आणि उठून बघावं तर सकाळच्या डब्याच्या पोळ्या बाबा लाटतायत.

बाबांना पोळ्या येत. माझ्या वेण्याही ते घालत, जरा घट्ट. नाइट करून सकाळी आठला आले की आम्हाला शाळेत सोडून मगच झोपत. त्यांच्या कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर होता, १९४८च्या कारखाने कायद्यानंच दिलेला. त्यामुळे डिसेंबरात दोघांनाही थांबायचं बोलावणं आलं की रात्री कालनिर्णयखाली बैठक बसे. आई म्हणे, ‘अहो, बुधवारी माझं निघणं व्हायचं नाही.’ बाबा म्हणत, ‘मग मी म्युच्युअल करतो.’ कुणाशी तरी पाळी बदलून घ्यायची. दुप्पट दराची पाळी बाबांनी किती वेळा सोडली याची नोंद कुठल्याच पानावर नाही. ‘ओ’ तेवढे लिहिले जात, सोडलेले ‘ओ’ नाही.

ओव्हरटाइमचे पैसे पगाराबरोबर येत आणि ते वेगळे मोजले जात. त्यातून जे घेतलं त्याला ते नाव चिकटे. ओव्हरटाइमचा मिक्सर. ओव्हरटाइमचं लोखंडी कपाट. मामाच्या लग्नातला ओव्हरटाइमचा आहेर. मिक्सर घरी आला त्या दिवशी आजीनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि चटणी मात्र पाट्यावरच वाटली. तास जाताना दिसत होते आणि येतानाही दिसत होते. आईच्या सहा डिसेंबरांचं काय झालं हे आम्हाला बोट दाखवून सांगता येत होतं.

एक गोष्ट मात्र तिला विकत घेता येत नव्हती. शाळेचं गॅदरिंग डिसेंबरात असे.

१९८६च्या त्या पानावर १९ तारखेच्या चौकोनात ‘ओ ३’ आहे आणि त्याच्या खाली, आणखी बारीक, ‘गॅदरिंग’. दोन्ही एकाच शाईनं, एकाच वेळी लिहिलेले. मी सातवीत होते, कोळीनृत्यात होते. शेजारच्या काकूंनी लुगडं नेसवलं, त्यांच्याच अबोलीचा गजरा माळला, त्याच पहिल्या रांगेत बसल्या. आई रात्री दहाला आली तेव्हा मी मेकअप धुतला नव्हता. तिनं चप्पल काढली, पर्स ठेवली आणि म्हणाली, ‘आता नाच.’ स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या उंबऱ्याशी मी नाचले. काकू दारात उभं राहून टाळ्या देत होत्या. मला त्या वेळी फार राग आला होता. एवढी वर्षं माझ्या आठवणीत ती रात्र ‘आई आली नाही’ अशीच होती. पान बघेपर्यंत मला माहीत नव्हतं की तिला ते महिनाभर आधीपासून माहीत होतं, आणि रोज सकाळी गॅस पेटवताना ते तिच्या डोळ्यांसमोर होतं.

१९८८ साली तिनं ऑफिसरची संधी सोडली. तिच्या आसपासच्या कितीतरी जणींनी सोडली. ऑफिसर म्हणजे बदली, आणि ऑफिसरला ओव्हरटाइम नाही. थांबायचं तितकंच, किंबहुना जास्त, पण तासांची मोजणी बंद. शाखेतले लोक म्हणाले, बाईंना पुढे जायचं नाही. तिला जायचं होतं. तिनं मांडून बघितलं आणि हिशेब जुळला नाही.

पुढच्याच वर्षी बँकांचं वर्ष ३१ मार्चला संपू लागलं. आजीचा डिसेंबर मोकळा झाला आणि आमचा मार्च गेला. १९९० साली मी दहावीला होते. परीक्षा आणि क्लोजिंग एकाच महिन्यात. त्या मार्चच्या पानावर बाबांच्या कोपऱ्यात महिनाभर फक्त ‘ना’ आहे. त्यांनी सगळा महिना नाइट मागून घेतली होती, म्हणजे दिवसा मला केंद्रावर सोडता येईल आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाशी उभं राहता येईल. ते झोपत कधी होते, हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं. आता ते नाहीत.

मी पुण्यात एका कंपनीत हिशेबाचंच काम करते. माझी मुलगी २००८ साली झाली तेव्हा मला १२ आठवड्यांची रजा मिळाली, १९६१च्या कायद्यातली. आता २०१७पासून ती २६ आठवडे आहे, ५० माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर द्यावं लागतं, आणि रजेनंतर दोघांच्या संमतीनं घरून काम करायचीही सोय कायद्यात लिहिली आहे. माझ्या हाताखालच्या मुलींना ते मिळतं याचा मला मनापासून आनंद आहे. मलाही आठवड्यातले तीन दिवस घरून काम करता येतं. मुलीच्या प्रत्येक गॅदरिंगला मी गेले आहे. हे सुख लहान नाही. आईला ते मिळायला हवं होतं.

पण जानेवारीत आई पुण्याला राहायला आली होती. रात्री सव्वादहाला मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. परदेशातल्या ऑफिसचा दिवस तेव्हा भरात असतो. संध्याकाळी मुलीला क्लासला सोडायला पाऊण तास उठले होते, त्याची भरपाई म्हणून आधी बसले आणि मग बसूनच राहिले. आई पाणी प्यायला उठली, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि तिनं विचारलं, ‘अगं, हे तास कोण लिहितं?’

कुणीच लिहीत नाही. मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही, पण ते ऐकायला लागला. तिचे तास शाखेच्या रजिस्टरात होते, सहीनिशी. पगाराच्या चिठ्ठीत होते. भिंतीवरच्या चौकोनात होते, घरातल्या प्रत्येकाला दिसत होते, म्हणून त्या तासांबद्दल घरात बोलता येत होतं, भांडता येत होतं, म्युच्युअल करता येत होतं. माझे तास मऊ आहेत. वाटेल तिथे वाकतात आणि वाकता वाकता रात्रीत शिरतात. मला वेळेची मोकळीक मिळाली, पण पाच वाजल्याची खूण गेली. आईकडे मोकळीक नव्हती, खूण होती. तिच्या लेकीला दोन्ही मिळायला हवं, एवढंच मला आता कळतं, आणि हे मागणं मला जास्त वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेननं लिहिलं, ‘ओ १॥’. रोज रात्री ती मला विचारी आणि लिही. मुलीनं पहिल्या दिवशी विचारलं, ‘आजी, हे एकापुढे दोन एक कशाला?’ मग आजीनं तिला एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, हे शिकवलं. पुढच्या आठवड्यापासून नोंद मुलगीच करू लागली. महिनाअखेर आईनं चष्मा लावून, उजवीकडून डावीकडे, बँकेत करायची तशी बेरीज केली आणि पुन्हा एकदा उलट बाजूनं ताडून बघितली. ३१॥ तास. ‘जुळलं,’ ती म्हणाली.

तो आकडा घेऊन मी वरिष्ठांकडे गेले. पैसे नकोत, म्हणाले, आठवड्यातल्या दोन रात्री मोकळ्या हव्यात. एक मिळाली. बुधवार.

फेब्रुवारीचं पान मी फाडलं आणि डब्यात ठेवलं आहे. मागे पाककृती कसली आहे, मी पाहिलेलं नाही. पुढच्या बाजूला चार बुधवार कोरे आहेत.