मकबऱ्यामागची लेणी

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादला, गेलेली मंडळी मकबरा आणि पाणचक्की बघून वेरूळची गाडी धरतात. आम्हीही दोनदा तेच केले. या खेपेस मात्र मकबऱ्यामागच्या डोंगरावर चढलो. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हाताऱ्या माणसांनी सकाळीच निघावे. सासूबाई चार ठिकाणी बसल्या, पण माघारी फिरल्या नाहीत.

तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीपुढे दगडातलीच बायामाणसे गुडघे टेकून बसली आहेत. चौदा-पंधराशे वर्षे तशीच. सासूबाई न बोलता त्यांच्याच ओळीला टेकल्या. सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर आहे. आग, साप, हत्ती, बुडते जहाज अशा आठ संकटांतली माणसे त्याला हाक मारताहेत. मुले तिथून हलेनात.

उतरून नागसेनवनात गेलो. बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० मध्ये सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय इथेच. थोरली यंदा दहावीला आहे. ती फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. आम्ही घाई केली नाही.

भाकरी-ठेचा बरोबर होताच. संध्याकाळी जुन्या शहरात पिवळसर नान आणि मटणाचा खलिया घेतला; दोन ताटांत पाचजण जेवलो. गुलमंडीवरची इमरती सासूबाईंनी स्वतःच्या पैशाने खाऊ घातली.