कोपरगांवची वाट आणि पट्ट्याची सायकल

दौंड-मनमाड लोहमार्गानें जाणाऱ्या प्रवाशास कोपरगांव हें एका स्थानकाचें नांव म्हणून ठाऊक असतें; शिर्डीच्या भाविकास तें मुक्कामाच्या थोडें अलीकडे लागणारें गांव म्हणून. खिडकींतून ऊंसाचे मळे दिसतात, गोदावरीचा पूल लागतो आणि गांव मागें पडतें. ह्यापलीकडे ओळख करून घेण्यास सवड कोणास आहे? आम्ही मात्र तीस वर्षें ह्याच गांवीं मास्तरकी केली, आणि तीं सारीं वर्षें घर ते शाळा हा रस्ता सायकलीनें तुडविला. तेव्हां गाडीच्या खिडकींतून जें दिसत नाहीं तें सायकलीवरून दिसतें, एवढें म्हणण्याचा अधिकार आम्हांला असावा.

राघोबादादांचें नांव ह्या गांवाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. इ.स. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर पेशवाईच्या गादीची आशा संपलेले रघुनाथराव येथें येऊन राहिले, आणि ता. ११ डिसेंबर १७८३ रोजीं येथेंच वारले. त्यांच्या वाड्याजवळून रोज जातांना, अटकेकडे घोडीं नेणाऱ्या पुरुषाची शेवटची मजल ह्या संथ नदीकांठीं संपली, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. बेट भागांत शुक्राचार्यांचें मंदिर आहे. संजीवनी विद्या शिकण्यासाठीं देवांनीं कचास दैत्यगुरूंकडे पाठविलें. दैत्यांनीं त्यास पुनःपुन्हां मारिलें आणि शुक्राचार्यांनीं त्यास पुनःपुन्हां उठविलें. ती कथा येथेंच घडली अशी गांवकऱ्यांची श्रद्धा आहे. तालुक्यांतील एका सहकारी साखर कारखान्यानेंहि पूर्वीं ‘संजीवनी’ हेंच नांव घेतलेलें होतें. वाचकांनीं ही कथा ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

अलीकडे तालुक्याचें रूप पालटलें. इ.स. २०१७ मध्यें काकडी येथें विमानतळ झाला. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गहि ह्याच तालुक्यांतून गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला तो योगायोगानें ११ डिसेंबरलाच, इ.स. २०२२ मध्यें. परंतु विमानास पंख लागतात आणि महामार्गावर दुचाकीस मज्जाव आहे; म्हणून आमच्यासारख्यांची वाट आहे ती जुनीच राहिली.

दोन वर्षांपूर्वीं जर्मनींत नोकरीस असलेला आमचा पुतण्या कायमचा परत आला. येतांना त्यानें आपली सायकल सुटी करून, खोक्यांत भरून आणली आणि अंगणांत जोडून आमच्यापुढें उभी केली. “काका, ही तुम्हांला. हिला तेल लागत नाहीं,” तो म्हणाला. तीस वर्षें ज्याच्या धोतराच्या, आणि पुढें पाटलोणीच्या, उजव्या पायास तेलाचा काळा डाग पडत आला, त्यास ह्या वाक्याचें मोल निराळें सांगावयास नको. आमच्या वहिनी तर म्हणाल्या, “भावोजी, एवढा एकच गुण असला तरी पुरे!”

ह्या सायकलीस साखळी नाहीं. तिच्या जागीं दांतेरी पट्टा आहे. पट्टा ही आमच्या भागांत अनोळखी वस्तु नव्हे. ऑईल एंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आणि गुऱ्हाळावरचा चरक ज्यांनीं लहानपणीं पाहिला आहे, त्यांना तो फटफटणारा लांब पट्टा आठवेल. तो ओला झाला कीं घसरे, आणि मग त्यावर राळ टाकीत. दांतेरी पट्ट्यास ही खोड नाहीं. इ.स. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत तो प्रथम निघाला तो शिवणाच्या यंत्रासाठीं. सुई आणि खालची बॉबिन ह्यांची गति एका टांक्यानेंहि चुकूं नये म्हणून पट्ट्यालाच दांत दिले. पुढें मोटारींच्या एंजिनांत त्याचा प्रसार झाला. सायकलीवर तो जपानांत ब्रिजस्टोन कंपनीनें १९८० नंतर आणला, आणि इ.स. २००७ च्या सुमारास अमेरिकेच्या गेट्स कंपनीनें पॉलियुरेथेनच्या पट्ट्याच्या पोटांत कार्बनचे धागे घालून त्यास आजचें रूप दिलें.

साखळी इ.स. १८८० मध्यें मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड ह्यांनीं सुधारली. पांच वर्षांनीं स्टार्ली ह्यांची ‘रोव्हर’ सायकल निघाली, आणि तेव्हांपासून मागच्या चाकास साखळीनें फिरविण्याची रीत रूढ झाली. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं इ.स. १८८८ मध्यें बेळगांवीं सायकलींचें दुकान घातलें. महाराष्ट्रांतील एवढ्या मोठ्या कारखानदारीचें मूळ सायकलींत आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अशा ह्या साखळीस काढून टाकणें ही लहान गोष्ट नव्हे. साखळीच्या प्रत्येक कडींत पिन असते. ती झिजते, साखळी लांबते आणि चक्राचे दांत खाऊं लागते. पट्ट्यांत कड्या नाहींत, म्हणून झीज थोडी, गंज नाहीं, आवाज नाहीं. साखळीच्या दुपटीतिपटीनें तो टिकतो. परंतु त्यास सांधा नाहीं. तो अखंड वेटोळें असतो. म्हणून सायकलीचा मागचा चिमटा उजव्या बाजूस उघडतां येईल असा केलेला असतो. तेथला बोल्ट सैल केल्यावरच पट्टा आंत घालतां येतो. साध्या सायकलीस तो बसविणें म्हणूनच अशक्य.

आमच्या सायकलीस पुढें ५० दांत, मागें २४. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यांत मागचें चाक दोनदां फिरून थोडें वर जातें, आणि सायकल सुमारें साडेचार मीटर पुढें सरते. तीन गिअर मागच्या हबच्या पोटांत आहेत. आमच्या सपाट मुलखास हें पुरेसें आहे.

ही सायकल जुळविण्याचा प्रसंग मौजेचा झाला. पट्टा सैल असला तर जोर देतांच दांत सुटतो. फार ताणला तर हबच्या छऱ्यांवर भार येतो. हा ताण मोजण्याची युक्ति अशी कीं, पट्टा बोटानें छेडावा आणि त्याचा स्वर ऐकावा. तंबोऱ्याची तार आणि हा पट्टा ह्यांचा नियम एकच. ताण जितका अधिक, तितका स्वर चढा. हबमध्यें गिअर असतील तर सेकंदास ३५ ते ५० कंप असावेत, असें पट्टा करणारे सांगतात, आणि ते मोजण्याचें ॲप मोबाईलवर मिळतें. पुतण्यानें मोबाईल पट्ट्याशीं धरिला. आंकडा आला ६८.

आम्ही सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे गेलों. लिंबाखालीं पेटी मांडून चाळीस वर्षें पंक्चर काढणारे हे गृहस्थ भजनी मंडळांत पखवाज वाजवितात. त्यांनीं पट्ट्यास एकदां टिचकी मारिली आणि म्हणाले, “मास्तर, हा चढलाय. डग्ग्यासारखा घुमला पाहिजे.” मग मागच्या चिमट्यांतील दोन्ही बाजूंचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवीत, पॅडल चार जागीं थांबवून दर वेळीं टिचकी मारीत, त्यांनीं तो उतरविला. चार जागीं टिचकी कां, असें विचारतां म्हणाले, “चक्र कधींच अगदीं गोल नसतें. जेथें सर्वांत घट्ट, तेथला स्वर धरावा.” मग चाक हातानें फिरवून पट्टा चक्राच्या मधोमध धांवतो कीं एका कडेस सरकतो, तें डोळा लावून पाहिलें. पुतण्यानें मोबाईल धरिला. आंकडा आला ४४. मिस्त्रींना त्या आंकड्याचें विशेष कौतुक वाटलें नाहीं. ते त्या अखंड वेटोळ्याकडे पाहत होते. “हें तुटलें तर जोडायचें कसें?” त्यांनीं विचारलें. “तुटत नाहीं,” पुतण्या म्हणाला. मिस्त्री हंसले, बोलले कांहीं नाहींत.

पहिलें वर्ष फार सुखांत गेलें. पहांटे घाटाकडे जातांना सायकलीचा आवाज म्हणून नाहीं. नदीवरचे बगळे आम्ही अगदीं जवळ जाईपर्यंत उडत नसत. ऊंसतोडीच्या हंगामांत रस्त्यावर पाचट आणि मळीचा चिकटा असतो, पावसाळ्यांत काळी माती चाकांस लोण्यासारखी चिकटते. पूर्वीं ह्या दिवसांत साखळी रॉकेलनें धुण्यांत रविवार जाई. आतां बादलीभर साध्या पाण्यानें काम भागे. उन्हाळ्याच्या धुळीनें पट्टा कधीं कुरकुरला तर तोहि पाण्यानें गप्प होई. वडिलांची जुनी काळी सायकल पडवींत भिंतीस टेकून राहिली. “ती भंगारांत देऊन टाकूं,” असें आम्ही दोनदां म्हणालों. दोन्ही वेळां मातोश्रींनीं, “असूं दे रे, खायला मागते कां?” एवढेंच उत्तर दिलें.

गेल्या आषाढांत मागचा टायर बदलावयास झाला. मिस्त्री वारीस गेलेले. आम्हींच चाक काढलें. परत बसवितांना पट्टा चक्रावर चढेना, तेव्हां स्क्रू-ड्रायव्हरची टोंच घालून तो उचकटून चढविला. पुतण्यानें हें करूं नका म्हणून बजावलें होतें. कार्बनचा धागा ओढीस लोखंडासारखा दणकट असतो. परंतु त्यास तीक्ष्ण बांक सोसत नाहीं. आंत धागे तुटतात आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं. पट्टा बसला, घुमला, आम्हीहि आपल्या हुशारीवर खूष झालों.

दोन महिन्यांनीं एका संध्याकाळीं मातोश्रींचें इन्शुलिन संपलें. त्यांचें वय ब्याऐंशी. गांवांतील नेहमींच्या दुकानांत त्या दिवशीं तें नव्हतें. शिर्डीस आहे असें फोनवर कळलें. धाकटे बंधु मोटारसायकल घेऊन येवल्यास गेलेले. एस.टी.नें जावें हें सरळ होतें; परंतु नव्या सायकलीचा तोरा आम्हांस होता. पंधरा किलोमीटर तें काय! बर्फ घातलेला थर्मास पुढच्या टोपलींत ठेवून निघालों. औषध मिळालें. परततांना सावळीविहीरचा फाटा मागें टाकला आणि एका लहानशा चढावर जोर देतांच टप् असा आवाज झाला, आणि पाय पोकळींत फिरूं लागले. पट्टा रस्त्यावर मेलेल्या सापासारखा पडला होता.

साखळी तुटली असती तर दगडानें ठोकून, एक कडी कमी करून, घरापर्यंत पोंचलों असतों. असें आम्ही आयुष्यांत चारदां तरी केलें आहे. येथें करण्यासारखें कांहींच नव्हतें. अंधार पडला. गाड्या वेगानें जात होत्या, थांबत नव्हत्या. सायकल ढकलीत तासभर चाललों, तेव्हां कांद्याच्या एका टेम्पोवाल्यास दया आली. त्यानें गोण्यांवर सायकल घातली. घरीं पोंचलों तेव्हां साडेनऊ वाजले होते. मातोश्रींचें जेवण सातचें. इन्शुलिन घेतल्यावांचून जेवावयाचें नाहीं हा वैद्यकीय नेम, म्हणून त्या अडीच तास ताट झांकून बसलेल्या. आणि त्या जेवल्या नाहींत म्हणून वहिनीहि. सुदैवानें अपाय झाला नाहीं. परंतु त्या दोघींचीं तोंडें पाहून आम्हांला जें वाटलें, तें येथें लिहवत नाहीं. मातोश्री रागावल्या नाहींत. जेवतां जेवतां एवढेंच म्हणाल्या, “सायकल चांगली आहे रे तुझी. पण माझ्या औषधाला तिला नेऊं नकोस. त्याला आपली जुनीच बरी.”

त्या मापाचा पट्टा जवळपास कोठें मिळाला नाहीं. जर्मनीहून येणाऱ्या एका परिचितांबरोबर तो आला त्यास पांच आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत पडवींतली काळी सायकल बाहेर निघाली. मिस्त्रींनीं तिची साखळी काढली, दोन झिजलेल्या कड्या बदलल्या, तेलांत बुडवून पुन्हां चढविली. अर्ध्या तासाचें काम. त्यांच्या हातांकडे पाहतांना आम्हांला बेटांतल्या मंदिराची आठवण झाली. साखळीस संजीवनी आहे. ती कितीहि वेळां मरो, लिंबाखालचा हा शुक्राचार्य तिला पुन्हां उठवितो. पट्टा दीर्घायुषी खरा, पण एकदां गेला कीं गेला. दोहोंपैकीं चांगलें कोणतें, ह्याचें उत्तर सायकलीवरून देतां येत नाहीं. आपल्या गांवांत कोणाचे हात आहेत आणि आपणांवर कोण विसंबून आहे, त्यावरून देतां येतें.

नवा पट्टा आला त्या दिवशीं आम्ही हत्यारास हात लाविला नाहीं. मिस्त्रींनीं चिमट्याचा बोल्ट काढून, चाक पुढें सरकवून, पट्टा न वांकवतां, न पिळतां, नुसत्या बोटांनीं चढविला. चार जागीं टिचकी मारिली आणि मान डोलविली. मोबाईल काढण्याची कोणास आठवण झाली नाहीं. पट्टे दोन मागविले होते. दुसरा मोठें वेटोळें करून मिस्त्रींच्या दुकानांत खुंटीस टांगला आहे. त्यांचा नातू आतां हें काम शिकतो. असल्या सायकली गांवांत पुढेंमागें येतीलच.

आमच्या पडवींत सध्यां दोन सायकली उभ्या असतात. पहांटे घाटावर जावयास आम्ही पट्ट्याची काढतों. बगळे अजून उडत नाहींत. औषधाच्या दुकानीं जावयाचें असलें कीं वडिलांची काळी सायकल निघते, आणि ती निघाल्याचें मातोश्रींना आंतल्या खोलींत साखळीच्या आवाजावरून कळतें.