भरल्या पानावरून

मराठी माणसाचा धर्म कुठे राहतो, असे कुणी मला विचारले तर मी देवळाकडे बोट दाखवणार नाही, पंगतीकडे दाखवीन. देवळात मनुष्य डोळे मिटून उभा असतो. त्याच्या मनात काय चालले आहे ते देवालाच ठाऊक! पंगतीत मात्र डोळे उघडे असतात. शेजारी कोण बसला, वाढायला कोण आले, भाकरी कुणाच्या घरची, हे सगळे दिसत असते. भरल्या पानावरून कुणाला उठवू नये, असे म्हातारी माणसे सांगत आली. पण पानच मांडले नाही तर उठवण्याचा प्रश्न येतो कुठे? ही युक्ती आपण फार दिवस वापरली. आधी जातीसाठी वापरली, मग कुष्ठरोगासाठी, आणि अलीकडे एच.आय.व्ही. नावाच्या दुखण्यासाठी.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्याला माझे उत्तर असे की, फराळाची ताटे ज्या दिवसांत घरोघर हिंडतात, त्याच दिवसांत कोणत्या दारी ताट गेले नाही हेही कळते.

माझी नोकरी नांदेडला झाली; मूळ गाव लातूर जिल्ह्यातले. नांदेडात राहिलेल्या माणसाला पंगत शिकवावी लागत नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथे देह ठेवला. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात आपण ओळीने जमिनीवर बसायचे आणि रोटी आली की दोन्ही हात पुढे करायचे. तू कोण, कुठला, तुला काय झाले आहे, असे तेथे कुणी विचारीत नाही. कुष्ठरोग्यांना गुरू अर्जनदेवांनी तरनतारनला आसरा दिला, असे शीख परंपरा सांगते. त्यांनीच सिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्या नामदेवांची पदेही आहेत. म्हणजे लंगर आणि वारकऱ्यांची पंगत ही काही परकी नाती नव्हेत.

आता माझ्या गावची हकीकत सांगतो. तिला पंधराएक वर्षे झाली असतील. आमच्या गावात दरसाल अखंड हरिनाम सप्ताह बसतो. आमटी देवळापाशी कढईत शिजते आणि भाकरी घरोघरच्या. सकाळी पोरे टोपली घेऊन निघतात आणि दारोदार हाळी देतात. माझ्या चुलत भावाच्या बायकोच्या दारावरून त्या वर्षी टोपली तशीच पुढे गेली. भाऊ ट्रकवर होता. तो वारल्याला दोन वर्षे झाली होती. त्याला काय झाले होते ते गावाला कळले होते, आणि वहिनीलाही तेच आहे हेही कळले होते. कुणी भांडले नाही, कुणी वाईट बोलले नाही. टोपली थांबली नाही, एवढेच.

मी गेलो तेव्हा वहिनी चुलीपाशी बसली होती. परातीत ज्वारीच्या पंधरावीस भाकरींची चवड.

"या भाऊजी," ती म्हणाली, "भाकरी उरल्यात. जेवूनच जा."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला पुष्कळ सोपे गेले असते. मी पिठल्याशी दोन भाकरी खाल्ल्या आणि तसाच देवळात गेलो.

सप्ताहाची मंडळी दुष्ट नव्हती. "गुरुजी, आम्हाला समजतं हो," त्यांच्यातला एक म्हणाला, "पण लोक जेवायचे नाहीत. अन्न वाया जाईल." हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गावाची भीती ही नेहमी दुसऱ्या कुणाची तरी असते! बोलणारा स्वतः कधी भीत नाही; तो फक्त लोकांच्या वतीने भीत असतो. आमचे वीणेकरी तात्या तिथेच बसले होते. सत्तरी ओलांडलेले, शाळेचे तोंड न पाहिलेले. त्यांनी मला एकच विचारले, "गुरुजी, डॉक्टर काय म्हणतात? भाकरीतून लागतं का?"

मी म्हणालो, "नाही लागत." आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी कीर्तनाआधी बोलावले. ते दहाच मिनिटे बोलले. हा विषाणू रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, दूषित सुईतून जातो, आणि आईकडून बाळाला जातो. शेजारी बसून, एका ताटात जेवून, हातात हात घेऊन, डास चावून जात नाही. एवढेच त्यांनी सांगितले.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि टोपले स्वतःच्या डोक्यावर घेतले. पहिले दार वहिनीचे. त्या दिवशी पंगतीतून सात-आठ माणसे उठून गेली. बाकीची बसली. सगळे गाव पालटले असे मी सांगणार नाही. पुढच्या वर्षी दोघेतिघे उठले, एवढे सांगतो.

हे एका गावाचे झाले. लातूर जिल्ह्यातच औसा तालुक्यात हासेगाव आहे. तेथे २००७ साली रवी बापटले यांनी एच.आय.व्ही. असलेल्या मुलांसाठी 'सेवालय' काढले. २००९ मध्ये ही मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले घरी ठेवली. वर्तमानपत्रांतून त्याचा बराच गाजावाजा झाला. आज त्याच सेवालयातली मुले वाद्यवृंद घेऊन महाराष्ट्रभर गाऊन आली आहेत, आणि तेथे वाढलेल्यांची लग्नेही लागली आहेत. आपल्या पंढरपुरातही मंगलताई शहांची 'पालवी' अशाच मुलांना सांभाळते. विठ्ठलाच्या दारी जाऊन आलेल्या किती जणांना तिचा पत्ता ठाऊक आहे?

अशा संस्थांविषयी बोलताना आपण एक शब्द हमखास वापरतो: "बिचारी निष्पाप लेकरे." शब्द प्रेमाचा आहे, पण त्याच्या पोटात काटा आहे. लेकरू निष्पाप, म्हणजे आई पापी का? माझी वहिनी निष्पाप, म्हणून तिच्या भाकरी घ्यायच्या. आणि भाऊ जगला असता तर? त्याचे पान मांडायचे की नाही? रोग कसा आला याची चौकशी करून जो धर्म पाने मांडतो, तो धर्म राहत नाही, फौजदारी कचेरी होते.

हे ओळखणारी माणसे जगात निघाली. युगांडातल्या गिडियन ब्यामुगिशा नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने १९९२ साली, आपल्याला एच.आय.व्ही. आहे असे उघड सांगितले. त्याच देशात मुसलमान डॉक्टरांच्या संघटनेने मशिदींच्या इमामांना या रोगाची माहिती शिकवली आणि ते ती घरोघर सांगू लागले. सरकारी पत्रक ज्या घरात वाचले जात नाही, तेथे इमामाचा शब्द ऐकला जातो. आपल्याकडे गाडगेबाबांनी तर हे फार आधी करून दाखवले होते. कीर्तनातून त्यांनी झाडलोट, शाळा आणि औषध या तीनही गोष्टी सांगितल्या.

मग आज बुवांनी, मौलवींनी, ग्रंथींनी, पाद्रीबाबांनी करायचे तरी काय? दवाखाना काढावा असे मी म्हणत नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकार या रोगाची औषधे फुकट देत आहे. ती नेमाने घेतली, रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. गरोदर आईने औषध घेतले तर बाळ बहुतेक वेळा वाचते. मात्र गोळी चुकता कामा नये, आणि येथेच धर्माचे काम लागते. वहिनीने मला एकदा विचारले होते, "भाऊजी, एकादशीला गोळी चालते का?" हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हे, बुवांचा आहे. गोळीने उपास मोडत नाही, असे व्यासपीठावरून एकदा सांगितले तर कित्येक बायका निर्धास्त होतील. रोज्याच्या महिन्यात डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ रात्रीची ठरवता येते, हे मौलवींनी सांगावे. अंगारा लावा, पण गोळी सोडू नका, हे देवऋष्याने सांगावे.

दुसरे काम तोंड बंद ठेवण्याचे. माणूस मनातले दुःख पुजाऱ्यापाशी बोलतो. ते पारावर जाऊ नये. २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, शाळेत, नोकरीत, दवाखान्यात या माणसांशी दुजाभाव करायला मनाई करतो आणि त्यांची माहिती गुप्त राखायला सांगतो. पण कायदा पंगतीत येऊन बसत नाही. तेथे तात्यांसारखेच कुणी लागते.

वहिनी आजही गोळ्या घेते आणि शेतात खुरपायला जाते. मुलीचे लग्न तिने दोन वर्षांपूर्वी केले. कार्तिकी झाली की गावोगाव सप्ताह बसतील. आपल्या गावी टोपली निघेल तेव्हा, वाचकहो, तिच्याबरोबर चार पावले चाला आणि ती प्रत्येक दारापाशी थांबते की नाही तेवढे पाहा.