भयाची त्वरा व भयाचा विलंब

भय हा मनुष्याचा शत्रू होय, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस हे विधान अर्धेच खरे वाटते.

आपल्या रत्नागिरीच्या कातळावर, जांभ्या दगडांच्या फटींत व पातेऱ्याखाली फुरसे दडून बसते. लांबी जेमतेम हातभर, परंतु विष जबर. अंगाची वेटोळी परस्परांवर घासून ते करवतीसारखा खरखर आवाज करते. तो कानी पडताच पाय मागे सरतो. ‘हे फुरसे’ हा विचार मागाहून येतो. डार्विनसाहेबांनी १८७२ साली लिहिलेल्या ग्रंथात स्वतःचा असाच अनुभव नमूद केला आहे. प्राणिसंग्रहालयात जाड काचेपलीकडे विषारी सर्प होता. त्याने फणकारा मारला तरी हलावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. पण सर्पाने झेप घेताच ते वार-दोन वार मागे उडाले!

वर्गात आम्ही पट्टीचा खेळ घेतो. एकाने पट्टी उभी धरून अवचित सोडावयाची, दुसऱ्याने ती चिमटीत धरावयाची. पट्टी सुमारे २० सेंटिमीटर घसरली, तर सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला असे समजावे. ‘चुकलो तर हसतील’ या धास्तीने कित्येक मुले पट्टी सुटण्यापूर्वीच बोटे मिटतात. भयाने त्वरा येते, विवेक येत नाही, तो असा.

दंश झाल्यावर तर हीच त्वरा घातक ठरते. अशा वेळी धावू नये, जखम चिरू नये, दोरी आवळू नये. अंग स्थिर ठेवावे व इतरांनी तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालते.

आता पालकांस एक विनंती. जे भय मुलाचा पाय चपळ करते, तेच त्याची जीभ जड करते. ‘कातळावर का गेलास?’ म्हणून मार बसेल, या भीतीने मूल दंश लपविते; आणि फुरशाचे विष तर रक्ताचे गोठणेच बंद पाडते, म्हणून गेलेली प्रत्येक घटका महाग पडते. सर्पाचे भय मुलांस अवश्य असावे. आपले भय मात्र इतके नसावे, की संकटात त्यांस प्रथम आपल्याकडे येण्यास विलंब लागेल.